चढ, हीटर आणि माझं थंड डोकं

मी या जुन्या गाडीचा रेडिएटर बोलतोय! मला कधी नीट पाहिलंत? नाही ना? बॉनेट उघडल्याशिवाय माझी आठवण होतेच कुणाला! इंजिनाचं तापलेलं पाणी माझ्या बारीक नळ्यांतून फिरतं, मी वारा खाऊन ते थंड करतो आणि परत पाठवतो. चौदा वर्षं हेच. दुसऱ्याच्या डोक्याचा ताप अंगावर घेतो म्हणा ना!

गाडी आधी बाबा चालवायचे. माझ्यावर त्यांची भारी माया, पण वेडी माया. कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी, लोकांना टोपी घालायचे धंदे, असं त्यांचं ठाम मत. दर रविवारी नळाचं पाणी स्वच्छ फडक्यातून गाळून मला पाजायचे. पण क्षार काय फडक्यात अडकतो?

आता गाडी सूनबाई चालवते. लायसन्स नवं, काळजी जुनी. निघताना तीनतीनदा हँडब्रेक बघते. मागे तिची दोन वर्षांची चिमी असते. चिमीला ऐकू येत नाही. कानाचं मशीन बसवणाऱ्या बाई टेकडीवरच्या दवाखान्यात तीन महिन्यांतून एकदाच येतात. मंगळवार, सकाळी दहाची वेळ मिळाली होती. चुकली की बसा पुन्हा वाट बघत.

आणि आदल्या शनिवारी मी भर चौकात उकळलो! वाफच वाफ! सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं, माझं तर आधीच पळालं होतं.

गाडी ओढून गॅरेजात नेली. मी थंड झाल्यावर मिस्त्रींनी झाकण उघडलं. सूनबाई वाकून बघते तर काय!

"अगंबाई, ही तर आमची केटली! तिच्यातही असाच पांढरा थर बसतो."

"बरोबर ओळखलंत ताई," मिस्त्री हसले. "आजोबांनी प्रेमाने याला मुतखडा केलाय."

"गाळून घालत होतो हो मी," बाबा पुटपुटले.

मग काय विचारता! उलट्या बाजूने पाण्याचा फवारा मारून मला आतून धुतलं, तडकलेला पाइप बदलला, झाकण नवं बसवलं, पोटात हिरवंगार कूलंट! मिस्त्रींनी बजावलं, "म्हातारा आहे तो. चढावर तापमानाचा काटा वर गेला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, म्हणजे इंजिनाची धग गाडीत निघून येईल. आणि गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही."

मंगळवारी चढ लागला आणि काटा सरकायला लागला. बाबा म्हणाले, "थांबव, मी पाणी घालतो!"

"बाबा, वाफ जिरायच्या आधी कुकर उघडतात का?" असं म्हणत तिने हीटर लावला.

"अगं, या उन्हात हीटर? भाजून काढतेस की काय!"

"भाजू दे. पोचू तरी!"

खिडक्या उघड्या, तिघंही घामाघूम. माझा ताप कुणी वाटून घेण्याची ही पहिलीच वेळ! काटा हळूहळू उतरला. दहाला सात मिनिटं कमी असताना आम्ही पोचलो!

परतताना चिमीच्या कानामागे इवलंसं मशीन होतं. पण आत खुळखुळे वाजवले, टाळ्या वाजवल्या, चिमीने नुसतं रडून घेतलं होतं. सूनबाईने गाडी सुरू केली, पण ब्रेकवरून तिचा पायच उचलेना. गाडी जागच्या जागी धडधडत राहिली. मी तापलो, आणि मला वारा घालणारा माझा पंखा लागला. घुर्रर्र!

चिमीने मान वर केली. पंखा थांबला, ती डोळे मोठे करून बघत राहिली. पुन्हा लागला, तशी खुदकन हसली!

"बाबा, पाहिलंत?"

"पाहिलं गं! बंद करू नकोस. राहू दे चालू."

आता रविवारी बाबा चिमीला कडेवर घेऊन माझं कूलंट बघायला येतात. गाळायचं फडकं काच पुसायला गेलं. माझ्या नळ्या किती टिकतील, सांगवत नाही. तुमच्या गाडीतही माझा एखादा भाऊ असेल. गाडी थंड असताना त्याची विचारपूस करत जा. आणि सूनबाई, माझ्या जागी नवा आणशील तेव्हा खुशाल आण. पंखा मात्र हाच ठेव. चिमीच्या ओळखीचा आवाज आहे तो.