आसरांच्या डोहातले पाचशे

मी एक जुनी करंडी आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. मित्रांनो, हसू नका. तुमच्या घरच्या प्लास्टिकच्या डब्यांना दोन उन्हाळे सोसत नाहीत. मला चाकणच्या कस्तुरा बुरडिणीने विणलं ते साल बासष्टचं. बांबू तिने स्वतः चिरला, कामट्या पाण्यात मुरवल्या आणि शेवटचा वेढा आवळून ती म्हणाली, "हिच्यातनं मुंगी न्हाई सुटायची." मुंगीचं मला ठाऊक नाही, पण खेकडा एकही सुटला नाही.

मला बाजारातून घरी नेलं ते मोशीच्या सोजरबाईने. मी तिच्या कमरेला, ती गुडघाभर इंद्रायणीत. दगडाखालच्या बिळात हात घालायची आणि नांगी उघडायच्या आत खेकडा माझ्या पोटात! तिचं बोलणं मात्र नांगीपेक्षा जोरात लागायचं. करंडीतले खेकडे एकमेकांचे पाय ओढतात, असं माणसं सांगतात. अकरा वर्षं मी खेकडे पोटात वागवले. पाय ओढणारे मला दिसले ते काठावर उभे असायचे.

मग त्र्याहत्तर साल आलं. कारखाने वाढत वाढत आमच्या शिवाराला भिडले होते. एक दिवस साहेब लोक आले, त्यांनी इंद्रायणीतल्या आमच्या डोहाच्या काठी खुंट्या ठोकल्या आणि म्हणाले, "सांडपाण्याचा नळ इथे सोडू. या डोहात आता जिवंत काही उरलेलं नाही."

सोजरबाईने मला त्यांच्या बुटांपाशी उपडं केलं. सात खेकडे धावले आणि साहेब खुंटीवर चढले!

"सातांनी काय होतं, बाई?" एकजण म्हणाला. "आकडा हवा, आकडा."

आकडा आणणार कोण? तर नीला. आमच्या गावच्या भीमराजची मुलगी. भीमराज पिंपरीच्या एका कंपनीत कामाला आणि ही पुण्याच्या कॉलेजात प्राण्यांवर संशोधन करणारी. डोहातल्या सगळ्या जिवांची मोजदाद न करता ते किती आहेत हे सांगायची नवी रीत ती शिकून आली होती. ऐकून माझ्या कामट्या थरारल्या! शंभर खेकडे धरायचे, पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा आणि परत सोडायचे. ते बाकीच्यांत मिसळले की आठ-दहा दिवसांनी पुन्हा थोडे धरायचे. धरलेल्यांत ठिपकेवाले किती, त्यावरून सगळ्यांचा आकडा निघतो. पातेलंभर पावट्यात मूठभर रंगवलेले पावटे कालवा आणि मूठ भरून पाहा, तसंच.

सोजरबाईने शंभर खेकडे धरून दिले आणि ती बाजाराला गेली. काठावरच्या उंबराखाली नीला आणि भीमराजने ठिपके दिले. रंग लाल. भीमराजने आणला होता. "आमच्याकडे नापास पार्टावर हाच ठिपका देतात," तो हसला. "पाण्याने जाईल तर शपथ!"

नीलाने सोजरबाईला ठिपक्यांचं सांगितलंच नाही. तिला वाटलं, सांगितलं तर मावशी हौसेने ठिपकेवालेच शोधून आणतील. हुशार पोरगी, पण तिथेच चुकली.

आठ दिवसांनी सोजरबाई डोहात उतरली. पहिल्याच दगडाखाली हात घातला आणि थबकली. काळ्याभोर पाठीवर लालभडक टिकला! तिने खेकडा कपाळाला लावला.

"आसरांना सोडलेला दिसतोय कुणी," ती पुटपुटली आणि तो अलगद पाण्यात ठेवला.

पाण्याच्या सात देवी म्हणजे आसरा. नवस फेडायला कुंकू लावून सोडलेल्या जिवाला आमच्याकडे कुणी हात लावत नाही. एक सोडला, दुसरा सोडला, तिसरा सोडला. अहो, मी पाहत होते! रंग मला ठाऊक, रीत मला ठाऊक. तोंड एवढं मोठं, पण शब्द फुटेना. पन्नास खेकडे माझ्यात भरले. त्यांत लाल एकच, चुकून आलेला.

नीलाने हिशेब मांडला आणि आनंदाने उडी मारली. पाच हजार! दुसऱ्या दिवशी तिचे सर डोहावर आले. त्यांनी डोह पाहिला, वही पाहिली.

"नीला, हा डोह आहे की समुद्र? सोमवारी त्या साहेबांची बैठक आहे. हा आकडा वाचला तर ते आपल्याला हसतील आणि मंगळवारी नळ टाकतील."

सर गेले. नीला वही मिटून उंबराखाली बसली. सोजरबाईने तिच्यासमोर चहाची किटली ठेवली.

"काय झालं गं तोंड पाडायला?"

"मावशी, शंभरांना लाल ठिपका दिला होता. परत एकच आला. बाकीचे गेले कुठे?"

मित्रांनो, या बाईने जन्मात चूक कबूल केली नव्हती. भाकरी करपली तरी दोष तव्याचा! आताही गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? तिने डोहाकडे पाहिलं. खुंट्या दिसत होत्या.

"मी सोडले," ती म्हणाली. "दहा-बारा तरी. मला वाटलं, देवाचे हायत."

नीला ताडकन उठली. "तुम्ही सोडले? मावशी, मग रीत खोटी नाही! आकडा का फुगला ते कळलं!"

"वरडू नगंस. आदी सांगाय काय झालतं तुला? शिकलीस शहाणी, पर धरणाऱ्या हाताला इचारलं न्हाईस."

"चुकलं माझं."

"आन माझंबी," सोजरबाई म्हणाली. हे मी या कानांनी ऐकलं! कान नाहीत मला, पण ऐकलं.

मग काय घाई उडाली! भीमराजने निळा रंग आणला. पुन्हा शंभर धरले. ठिपके या वेळी सोजरबाईने स्वतः दिले, अंगठ्याच्या नखाएवढे. मिसळायला चार दिवस मिळाले, तेवढेच. रविवारी ती डोहात उतरली. लाल पाठ लागली की आधी हात जोडायची. "आयांनो, तुमच्याच डोहासाठी हाय. मोजून परत देते." आणि खेकडा माझ्यात!

साठ खेकडे. नीला एकेक उचलून पाठ बघत होती. निळे निघाले बारा.

"पाचशे!" नीला ओरडली. "पाचशेच्या आसपास!"

"मला इचारतीस तर साडेपाचशे," सोजरबाई म्हणाली. "पर ऱ्हाऊ दे तुझं."

सोमवारी सरांनी पाचशे वाचले, पाच हजार का निघाले होते तेही वाचलं, आणि त्यामुळेच बैठकीतल्यांचा विश्वास बसला. खुंट्या उपटल्या. नळ दुसरीकडे वळला.

नंतर नीलाचा प्रबंध छापून आला. तिने तो मोशीला आणून सोजरबाईला मराठीत समजावून सांगितला.

"म्हंजी माझी चूक छापलीस?"

"छापली, मावशी. तिच्यामुळे आकडा खरा ठरला."

"मग नाव बारीक का घातलंस? म्होरल्या बारीला मोठ्या अक्षरात घाल."

सोजरबाईने मला नीलाच्या हाती दिलं. "डोह मोजलाय हिनं, कॉलेजात ठेव." ठेवलं खरं, पण पुढे नीला दुसऱ्या गावी नोकरीला गेली आणि कॉलेजातल्या शिपायाने माझ्यात रद्दी टाकायला सुरुवात केली. माझ्यात! आसरांचे खेकडे वाहिलेल्या पोटात पेन्सिलीच्या साली!

म्हणून मित्रांनो, एक मागते. रद्दी दुसरीकडे टाका आणि मला पाण्यावर न्या. आमच्या डोहाला पुन्हा मोजायची वेळ आली आहे, पलीकडच्या काठावर नव्या खुंट्या ठोकल्यात म्हणे. माझी वीण अजून घट्ट आहे. माझ्या काठावर एक लाल आणि एक निळा ठिपका आहे, भीमराजच्या शपथेप्रमाणे न गेलेला. मात्र पाण्यात उतरण्याआधी मोशीत सोजरबाईचं घर विचारा. ती आधी तुम्हाला चार शब्द सुनावेल. ते ऐकून घ्या, आणि मगच रंगाची डबी उघडा.