जागीच आहे तर

सुचिताच्या पायांचं दुखणं घरातल्या सगळ्यांच्या पथ्यावर पडलं होतं, आणि तिचा राग होता तो याचाच.

दुखणं म्हणावं तर दुखत काहीच नव्हतं. सहावा महिना लागला तसं दिवस कलला की तिच्या पोटऱ्यांत आतून काहीतरी वळवळायला लागायचं. मुंग्या म्हणाव्यात तर मुंग्या नाहीत, गोळा म्हणावा तर गोळा नाही. बसलं की वाढायचं, आडवं झालं की जीव नकोसा करायचं. उठून चाललं की थांबायचं, पुन्हा टेकलं की पुन्हा सुरू. चार वर्षांपूर्वी समीक्षा पोटात होती तेव्हा असलं काही नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, या रिवाजानं या खेपेला ती पिंपळगाव राजालाच होती आणि रात्रभर अंगणात गोठ्यापासून फाटकापर्यंत येरझाऱ्या घालत होती. पहाटे चारच्या सुमाराला पाय निवायचे आणि साडेपाचला चहाचं आधण ठेवायचं असायचं.

पहिले आठ दिवस घरानं कुरकुर केली. सासू सोजराबाई म्हणाल्या, "बसल्या जागी पाय हालवू नाई वं, घरातली लक्ष्मी जाते." नवरा कुलदीप म्हणाला, "तुया चालन्यानं माही झोप मोडते." मग एका रात्री घराला या दुखण्याचा उपयोग सापडला.

सासरे अर्जुनरावांचा तीन एकर भाजीपाला घराला लागूनच होता. वांगी, मिरची आणि उन्हाळी टोमॅटो. शेताची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच जळला होता आणि कुलदीप तो रोज उद्या दुरुस्त करणार होता. त्या रात्री एक वाजता लाइट आली तेव्हा सुचितानं त्याला हलवलं. त्यानं डोळेही उघडले नाहीत.

"तू त जागीच हायेस," तो म्हणाला. "बटन दाबून ये ना."

ती गेली. दुसऱ्या रात्री त्यानं सांगितलं, एका तासानं कॉक फिरव, पाणी मिरचीकडं सोड. तिसऱ्या रात्री सांगायचीही गरज उरली नाही. बोट दिलं की मनगट धरणारी माणसं असतात, इथं तर बाईनं बोटही दिलं नव्हतं. पोट सांभाळत, एका हातात बॅटरी धरून ती विहिरीकडं जायची आणि तिचा नवरा इकडं घोरायचा.

मग दिवसाची कामंही तिच्याकडं सरकली. तिला बसवत नाही ना, मग उभ्याची कामं तिची. भाकरी ओट्यावर उभ्यानं, संध्याकाळी वांग्यांची निवड उभ्यानं, गुरांचं पाणी चालत चालत. सोजराबाई शेजारच्या पुष्पाबाईला कौतुकानं सांगत, "आमच्या सुनेच्या पायाले त भिंगरी हाये. भरल्या पोटी बी बसून म्हनून राहत नाई." पुष्पाबाई आपल्या सुनेकडं डोळे वटारून बघायची. हे कानावर पडलं की सुचिताच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं या घराला राबती सून हवी होती आणि देवानं न झोपणारी दिली होती.

गावच्या आशा कार्यकर्त्या सिंधूताई घरी आल्या आणि त्यांनी सुचिताच्या तपासणीच्या कार्डावरचा आकडा वाचला. रक्त सात पूर्णांक दोन. रक्तवाढीच्या गोळ्यांनी सुचिताला ढवळायचं, म्हणून सोजराबाईंनी त्या कधीच्या बंद करवल्या होत्या.

"हिले खामगावच्या दवाखान्यात न्या," सिंधूताई म्हणाल्या. "आजच्या आज."

"काऊन?" सोजराबाईंनी विचारलं. "बिमार मानूस एवढं काम करत असते काय?"

सिंधूताईही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्या उंबऱ्यातच बसल्या आणि कुलदीपनं गाडी काढेपर्यंत उठल्या नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणखी काय त्रास?" सुचिता तोंड उघडणार तोच कुलदीप म्हणाला, "झोप नाई येत तिले. बाकी काही तरास नाई."

"मी यांना विचारतेय," बाई म्हणाल्या.

सुचितानं सांगितलं. पायांचं सांगितलं, वळवळीचं सांगितलं. आपल्याला कुणी वेडी म्हणेल या भीतीनं ती खालमानेनं बोलत होती. बाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "गरोदरपणात खूप बायांना होतं. हा आजारच आहे, मनाचा खेळ नाही. अंगात लोह कमी पडलं की पायांची ही तगमग वाढते. तुमचं तर फारच कमी आहे. सलाइनमधून लोह देऊ. एक दिवसाआड, पाच वेळा. चहा कमी करा. आणि रात्री काय करता, नुसत्या पडून राहता?"

"मोटर चालू करते," सुचिता म्हणाली.

बाईंनी कुलदीपकडं पाहिलं. तो भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागला.

आजारच आहे. हे दोन शब्द तिनं घरापर्यंत सांभाळून आणले. पण घरी आल्याबरोबर पाच खेपांवरून खल सुरू झाला. टोमॅटोचा तोडा चालू होता, गाडीवर कोण नेणार, एवढी सलाइन कशाला, गूळ-शेंगदाणे खाल्ले तर भागत नाही का. अर्जुनराव म्हणाले, "तोडा होऊ दे, मंग पाहू." वैद्यानं सांगितलेलं औषध आणि घरच्यांनी काढलेला मुहूर्त यांचा मेळ कधी बसलाय?

सुचिता वांगी निवडत होती. तिनं हातातलं वांगं कॅरेटमध्ये आपटलं.

"माल एक दिवसाआड खामगावले जाते ना, मामाजी? त्याच पिकअपात मी जाईन. वांग्याले जागा भेटते त मले बी भेटन."

सुनेनं सासऱ्याला असं उलट बोलल्याचं त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. अर्जुनराव उठून मळ्याकडं गेले. सुचिता पाच खेपा पिकअपमधून गेली, ड्रायव्हरशेजारी, मांडीवर पाण्याची बाटली घेऊन. सलाइन संपेपर्यंत सिंधूताई तिच्याजवळ बसत. घरचं कुणी नव्हतं. परतल्यावर संध्याकाळची भाकरी तिचीच होती, आणि रात्री लाइट असली की मोटरही.

पाचव्या सलाइननंतर आठवडा गेला, दुसराही गेला. वळवळ रोज थोडी उशिरा सुरू व्हायची, थोडी लवकर थांबायची. रात्रीच्या लाइटचा आठवडा पुन्हा लागला त्या सोमवारी जेवण झाल्यावर सुचिता पाठ टेकायला म्हणून पडली. पायांतल्या वळवळीची वाट पाहत राहिली. वळवळ आली नाही, झोप आली.

तिला जाग आली तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती आणि अंगणात तिच्याच नावाचा उद्धार चालला होता. लाइट बाराला आली होती आणि आठला गेली होती. मोटर चालली नव्हती. फुलोऱ्यावर आलेली मिरची दोन दिवसांची तहानलेली होती.

ती दारात आली. कुलदीप म्हणाला, "मले उठवाचं नाई काय?"

"मी झोपली होती."

"मंग मले कोन उठवन?"

"दवाखान्यानं चांगली सून बिघडवली," सोजराबाई म्हणाल्या. "पाच बाटल्या सुस्ती भरून देली अंगात."

जागरणातल्या रागाला रडू फुटतं, म्हणून दोन महिने सुचिता गिळत आली होती. झोप झालेल्या माणसाचा राग निराळा असतो. तो नीट उभा राहतो.

"दोन महिन्यानं मी रातभर झोपली," ती म्हणाली. "या घरात तिघं मोठे मानसं हा तुमी. मिरची सुकलेली तिघाइले दिसली. माहे पाय थांबले काय, हे एकानं तरी इचारलं?"

कुलदीपनं खाली पाहिलं. अर्जुनराव खाकरले. सोजराबाई मात्र फणकाऱ्यानं म्हणाल्या, "पायाचं काय कौतुक सांगतं मले? कुलदीप पोटात होता तवा माहे बी पाय असेच वळवळत. माह्या सासूनं रातच्या रात आडाचं पानी शेंदाले लावलं, साऱ्या घराचे रांजन भरले मी. मेली काय?"

बोलून गेल्यावर सोजराबाईंनाही आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण त्यांनी पदर उगाच सारखा केला.

"म्हंजे तुमाले माहीत होतं," सुचिता म्हणाली. "पह्यल्या रातीपासून."

"माहीत होतं," सोजराबाई हळू म्हणाल्या. "मले कोनी सोडलं होतं काय?"

एखादीला इथं सासूची दया आली असती, दोघी गळ्यात पडून रडल्या असत्या आणि घर गोड झालं असतं. सुचिताला दया आली नाही. लक्ष्मी जाते म्हणून दटावणाऱ्या, भिंगरी म्हणून गावभर मिरवणाऱ्या या बाईला ती वळवळ स्वतःच्या पोटऱ्यांतून ठाऊक होती, आणि तरीही सासू रोज रात्री कूस बदलून झोपत होती. नवऱ्याला कळत नव्हतं, सासऱ्याला कळत नव्हतं, त्यांच्यावरचा राग वेगळा. हिला कळत होतं.

"सासूवर राग काढाची तुमची हिंमत नाई झाली, आत्याबाई," ती म्हणाली. "म्हनून माह्या हातात मोटर देली. तिचं पानी तुमी शेंदलं, तुमचं मी नाई शेंदनार."

"आन आज राती?" कुलदीपनं विचारलं. लाइटचा आठवडा अजून सहा रात्रींचा बाकी होता.

"आज राती बी मी झोपनार हावो. आन आता बी."

चहाचं आधण कुणीच ठेवलं नव्हतं. तिनं तिकडं पाहिलंही नाही. आत जाऊन समीक्षाच्या शेजारी डाव्या कुशीवर पडली आणि पाय लांब केले. बाहेर सासू काहीतरी पुटपुटत होती, नवरा ऑटो स्विचच्या मेकॅनिकला फोन लावत होता. रागात माणसाला झोप येत नाही म्हणतात. सुचिताला आली.