तीन कामगार, एक महिला

खोलीत तिघीच होत्या. टेबलावर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, आणि काम एकच: बातम्यांत बायका किती आल्या, कोण म्हणून आल्या, ते तक्त्यात भरायचं. दरवर्षी एक दिवस आधीच ठरलेला असायचा. त्या दिवसाचे सगळे अंक पुढे सवडीने वाचायचे.

यंदा नेमका तो अपघाताच्या बातमीचा दिवस निघाला. तिघींतल्या धाकटीने पहिलं पान उघडलं. 'पुलाचे बांधकाम कोसळून तीन कामगार व एक महिला ठार.'

ती एक महिला म्हणजे तिची ताई.

"आण ते पान इकडे," शेजारची चष्मेवाली हळूच म्हणाली. "मी भरते. तू माझ्या खेळाच्या बातम्या घे. तिथे बायकाच नसतात, काम हलकं!"

"नको गं. माझं माणूस आहे, मीच भरीन."

ताई वेल्डर होती. ठिणग्यांशी बोलत बोलत लोखंडाला लोखंड शिवायची. त्या तीन कामगारांतल्या दोघांना वेल्डिंग तिनेच शिकवलं होतं. घरी आली की बाह्यांना भोकंच भोकं. आई म्हणायची, "पोरीच्या अंगावर चांदणं सांडलं की काय!" ताई हसायची, "चांदणं कुठलं, आई, चटके आहेत."

'व्यवसाय' या रकान्यात धाकटीने ठसठशीत लिहिलं: वेल्डर.

कामाच्या प्रमुख, मोठ्या बाई, मागे येऊन उभ्या राहिल्या. 'मनातलं नको, कागदावरचं लिहा' असं नव्या मुलींना दटावणारी हीच धाकटी. आज बाईंनीच तिला विचारलं:

"बातमीत तसं आहे का गं?"

"नाही. पण होती ना ती!"

"होती, बाळ. पण तू वेल्डर लिहिलंस, तर पेपरवाल्यांनीच तिला वेल्डर म्हटलं असं होईल. आपल्याच हाताने त्यांची चूक झाकशील."

"म्हणजे त्यांनी एकदा पुसली, आता मीही पुसू?"

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

धाकटीने 'वेल्डर'वर आडवी रेघ ओढली. रेघ सरळ आली नाही. शेजारी लिहिलं: उल्लेख नाही.

त्याच बातमीतली आणखी तीन माणसं भरायची राहिली होती. डोळे पुसून तिने पेन उचललं. कामगार. कामगार. कामगार.