त्र्याण्णव टक्के

क्लबातल्या सगळ्या मुली तिला मावशी म्हणत, आणि ती खोलीत नसली की 'अजून नाही मावशी'. व्हॉलीबॉलच्या त्या संघाची ती फिजिओ होती. अकरा वर्षं प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या तिरप्या छताच्या खोलीत तिने मुलींचे घोटे, खांदे आणि गुडघे सांभाळले होते, आणि त्या अकरा वर्षांत तिच्या तोंडून सर्वांत जास्त वेळा निघालेले शब्द हेच दोन होते. उड्या मारू का? अजून नाही. सामन्यात उतरू का? अजून नाही. संघातल्या उंच मुली त्या खोलीत वाकूनच शिरायच्या. मावशीचं डोकं मात्र छताला कधी लागलं नाही, कारण तिची उंची बेताचीच होती आणि त्याचं तिला काडीचंही दुःख नव्हतं.

संघाच्या प्रशिक्षकांना मुली 'शिट्टी' म्हणत. आवाज आणि घाई या दोन गोष्टी त्यांच्याकडे भरपूर होत्या, तिसरी फारशी कुणाला सापडली नव्हती. दुखावलेली मुलगी कधी परत मिळणार, हे विचारायला ते दिवसातून दोनदा दारात येत आणि दोनदा हात हलवत परत जात. मावशीशी त्यांचं कधी भांडण मात्र झालं नाही. तिने पास केलेला गुडघा पुन्हा गेला असं एकदाही घडलं नव्हतं, आणि हे शिट्टीलाही माहीत होतं.

टाचणी त्यांची सर्वांत चांगली स्मॅश मारणारी. अंगाने नावासारखीच, वय सव्वीस. गेल्या वर्षी एका साध्या सरावात जाळ्याजवळून खाली येताना तिच्या डाव्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला. शस्त्रक्रिया झाली, आणि दहाव्या दिवशी कुबड्यांवर ती मावशीच्या खोलीत आली. सोबत तिचे बाबा. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे सगळं बाबाच. ते छापखान्यात अक्षरांचे खिळे लावणारे जुळारी होते, निवृत्त झाले होते आणि आता मुलीचा गुडघा ही त्यांची पूर्णवेळ नोकरी झाली होती.

अकरा महिने ते दोघं रोज येत राहिले. आधी गुडघा सरळ करायचा, मग वाकवायचा, मग वाळून काटकी झालेली मांडी पुन्हा भरून आणायची. बाबा बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र धरून बसत आणि पान उलटायचं विसरून आतलं ऐकत. सहा महिन्यांत त्यांना स्नायूंची नावं तोंडपाठ झाली. एकदा तर त्यांनी दुसऱ्याच एका मुलीला, 'बेटा, गुडघा आत पडतोय, बोटांच्या रेषेत ठेव,' असं सुनावलं आणि मावशीने आतून ओरडून सांगितलं की त्यांचं बरोबर आहे. त्या दिवशी ते घरी कसे गेले असतील, ते टाचणीलाच माहीत.

आता परीक्षेबद्दल सांगायला हवं. मांडीची ताकद मोजायचं महागडं यंत्र क्लबकडे नव्हतं. होती ती जमिनीवर चिकटवलेली पिवळी पट्टी, सेंटीमीटरच्या खुणा केलेली. एका पायावर उभं राहायचं, त्याच पायाने पुढे जमेल तितकी लांब उडी मारायची, त्याच पायावर उतरायचं आणि न डगमगता थांबायचं. मुली त्याला लंगडी म्हणत. प्रत्येक पायाच्या तीन उड्या, त्यातली सर्वांत लांब धरायची. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या उडीच्या शंभरात किती, एवढंच गणित. नव्वदच्या वर आली तर पास, आणि मग मावशी खेळायच्या परवान्यावर सही करणार.

या गणितातली मेख कुठे आहे ते दुसऱ्याच वर्षी मुलींच्या लक्षात आलं होतं. दुखरा पाय लांब जात नसेल तर चांगल्या पायाने हातचं राखून उडी मारायची, की टक्के आपोआप चढतात. पण मावशीला हे चालत नसे. ती पायाकडे बघायचीच नाही, हातांकडे बघायची. जिला खरंच लांब जायचंय तिचे दोन्ही हात उडीआधी जोराने मागे जातात, आणि जिला जायचं नाही तिचे हात कमरेशीच घुटमळतात. अशा तीन मुली तिने वेगवेगळ्या वर्षी पकडल्या होत्या. ओरडली कुणावरच नाही, नुसती वही मिटली आणि पंधरा दिवसांनी या म्हणाली. मावशीला फसवता येत नाही, हे नव्या मुलीला पहिल्याच आठवड्यात कळायचं.

टाचणी सहाव्या महिन्यात सत्तर टक्क्यांवर आली. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. नवव्या महिन्यातल्या परीक्षेत डावा पाय एकशे अडतीस गेला, उजवा एकशे चौसष्ट. चौऱ्याऐंशी. मावशी नेहमीचे दोन शब्द बोलली, टाचणीने मान डोलावली आणि ती हात धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू राहिला. मावशीने तो ऐकला. बाहेर बाबांनीही ऐकला असणार, कारण त्या दिवशी ते जाताना काही बोलले नाहीत.

अकरावा महिना लागला आणि राष्ट्रीय संघाच्या निवडीची तारीख आली. दहा दिवसांनी चाचणी. यंदा हुकली तर पुढची निवड चार वर्षांनी, म्हणजे तिशीत, नवा गुडघा आणि जुनं शरीर घेऊन. शिट्टी त्या आठवड्यात दिवसातून चारदा दारात आले. बाबा एकदाही आत आले नाहीत, आणि मावशीला त्याचाच जास्त त्रास झाला.

परीक्षेच्या दिवशी डावा पाय आधी झाला. एकशे एकेचाळीस. तीन उड्या मारल्या आणि तिन्ही स्वच्छ, पण दोन महिन्यांत वाढ फक्त तीन सेंटीमीटरची. उजवा पाय जुन्यासारखा गेला तर आकडा शहाऐंशीवर अडकणार हे मावशीने मनातल्या मनात करून टाकलं. टाचणीनेही केलंच असणार. ती पट्टीवर उजव्या पायावर उभी राहिली आणि उडाली. एकशे एक्कावन्न.

तिचे हात कमरेशीच होते.

जोर लाव, असं मावशी एकदा म्हणाली. दुसरी उडी एकशे बावन्न. तिसरी त्याहून कमी. धडधाकट पाय दोन महिन्यांत बारा सेंटीमीटरने आखडत नाही. कुठे पाणी मुरतंय ते सांगायला मावशीला वहीचीही गरज नव्हती. टाचणी पट्टीच्या टोकाशी उभी राहून श्वास टाकत होती आणि मावशीच्या तोंडाकडे बघत होती. मावशीने खाली बघितलं.

का बघितलं, याची कारणं नंतर तिने स्वतःला पुष्कळ सांगितली. पोर सव्वीस वर्षांची आहे. अकरा महिन्यांत एक दिवस चुकली नाही. चाचणीत पडेल फार तर, निवड होणार नाही, पण उतरली तरी असं म्हणता येईल. आणि खरं सांगायचं तर मावशी 'अजून नाही' म्हणून म्हणून थकली होती. अकरा वर्षं हाच नन्नाचा पाढा वाचत बसलेल्या बाईला एकदा तरी 'जा' म्हणावंसं वाटलं. तिने कानाडोळा केला. वहीत त्र्याण्णव लिहिलं आणि परवान्यावर सही केली. बाहेर बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ती दोनदा चुकली आणि तिसऱ्यांदा नीट बसली.

चाचणीत टाचणी पहिला सेट फार सुंदर खेळली. हे सांगायलाच हवं, कारण नंतर कुणी सांगितलं नाही. निवड समितीतला एकजण सारखा कागदावर काहीतरी लिहीत होता. दुसऱ्या सेटमध्ये ती स्मॅशसाठी उडाली, चेंडू नीट बसला, गुण मिळाला आणि ती एकट्या डाव्या पायावर उतरली. गुडघा आत गेला. अंगावर कुणी आलेलं नव्हतं, जमीन कोरडी होती. मावशी बर्फाचा डबा घेऊन धावली तेव्हा टाचणी रडत नव्हती. दोन्ही हातांनी गुडघा धरून एवढंच म्हणाली, "मावशी, गेला."

दुसऱ्यांदा गुडघा उघडणारा सर्जन तरुण होता आणि खोटं गोड बोलायची सवय त्याला अजून लागली नव्हती. नवा लिगामेंट तुटला होता, आतली गादी फाटली होती, हाडावरचं कूर्चेचं अस्तर मोठ्या तुकड्याने गेलं होतं. जे शिवता आलं ते शिवलं. चालेल, जिने चढेल, पन्नाशीत गुडघा बदलावा लागेल. उडी विसरायची. त्याने हे टाचणीला आणि बाबांना एकत्रच सांगितलं. बाबांनी फक्त विचारलं की व्यायाम कधीपासून सुरू करायचे.

दहाव्या दिवशी मावशी त्यांच्या घरी गेली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. प्रत्येक जिन्यावर ती मोजत होती की कुबड्यांवर याला किती वेळ लागेल. बाबांनी दार उघडलं, बरं झालं आलात म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले. शिट्टी येऊन गेले होते, नशीब म्हणाले होते. मुली येऊन गेल्या होत्या, त्याही नशीबच म्हणाल्या होत्या.

टाचणी उशांना टेकून बसली होती. पाय पट्ट्यांच्या साच्यात, सरळ. तिने बाबा आत गेल्याचं बघितलं आणि घाईघाईने बोलून टाकलं.

"मावशी, मी तुला फसवलं. उजव्या पायाने मुद्दाम कमी उडी मारली. कुणाला सांगितलं नाहीये मी. तुझी काही चूक नाही यात."

मावशी त्या वेळी गप्प राहिली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. तिच्यावर कुणाचा संशय नव्हता. अकरा वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं आणि पोरीला निदान एक चूक स्वतःची म्हणून सांभाळता आली असती. पण ते तिला जमलं नाही.

"मला दिसलं होतं," ती म्हणाली.

"काय दिसलं होतं?"

"तुझे हात मागे गेले नाहीत."

आत पेला नळाखाली भरत असल्याचा आवाज येत होता.

"मग पकडलं का नाहीस मला?"

"गुडघा तुझा आहे. मला वाटलं, आतून कसं वाटतंय ते तुलाच कळत असणार. एवढं करायला निघालीयस म्हणजे तुला खात्री असेल."

"मला कसली खात्री, मावशी?" टाचणीचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "जिना उतरताना भीती वाटायची मला. मी म्हटलं, गुडघा खरंच कच्चा असेल तर मावशी पकडेलच. ती कुणालाच सोडत नाही. आणि तू सही केलीस. मग मला वाटलं, म्हणजे चांगलाच आहे गुडघा, मीच उगीच घाबरतेय. त्या दिवसापासून मी भ्यायचंच सोडलं."

मावशी दहा दिवस दयेचा हिशेब मांडत बसली होती, आणि पोरीने त्या सहीवर विश्वास ठेवून उडी मारली होती. हातांना काम हवं म्हणून मावशी पुढे झाली आणि साच्याचा वरचा पट्टा सोडवायला लागली. आज गुडघा तीस अंशांपर्यंत वाकवायचा होता.

"नको," टाचणी म्हणाली. "तुम्ही बाबांना दाखवा. ते करून घेतील."

बाबा पाण्याचा पेला घेऊन दारात आले होते. त्यांनी शेवटचं तेवढंच ऐकलं आणि त्यांना आनंदच झाला. पेला ठेवून त्यांनी हात साबणाने धुतले, पुसले आणि पलंगाच्या कडेला बसले. एक हात टाचेखाली, एक मांडीखाली, अगदी मावशी घ्यायची तसे. मावशी भिंतीजवळ सरकून उभी राहिली आणि कुठवर वाकवायचं ते तिने सांगितलं. बाबांनी श्वास रोखून गुडघा उचलला, थोडा वाकवला आणि थांबले.

"बरोबर करतोय ना मी?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे," मावशी म्हणाली.

टाचणीने मान वळवून तिच्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघितलं. मावशी खरं सांगतेय की नाही, ते ती बघत होती.