पारण्याला न फोडलेली गोळी

मित्रांनो, चंदेरी पाठीवर दहा गोळ्या घेऊन जन्मलेली पट्टी मी. माझी मुदत कधीच टळली, तरी सहा गोळ्या अजून माझ्यापाशी आहेत. त्या का उरल्या, तेवढंच सांगायचं आहे.

कारखान्यातलं बालपण थोडक्यात आटोपलं. यंत्राने दाबलं, तारीख ठोकली, खोक्यात भरलं. सोबत एक घडीचा कागद दिला. तो कुणीही वाचू नये इतक्या बारीक अक्षरात छापला होता. मी फिट्सवर चालते, आणि ज्यांचं मन फार चढतं-उतरतं त्यांनाही सावरते, असं त्यात होतं.

वढवाणच्या फाल्गुनीबेनकडे मी आले ती या दुसऱ्या कामासाठी. त्यांचं मन कधी गच्चीवर चढून बसायचं, पण बहुतेक वेळा विहिरीत उतरायचं. रोज एक गोळी घेतली की ते जमिनीवर राहायचं. सासूबाई मोंघीबांनी भिंग घेऊन कागदाची पहिली ओळ वाचली, फिट्सची, आणि भिंग ठेवून दिलं. आपल्या घरात असलं काही नाही, असं त्यांनी जाहीर केलं. तेव्हापासून फाल्गुनीबेन मला पर्सच्या आतल्या कप्प्यात लपवू लागल्या.

माझ्याआधीच्या कितीतरी पट्ट्या संपल्या होत्या; माझ्या चार गोळ्या झाल्या आणि पर्युषण आलं. फाल्गुनीबेननी अठ्ठाई धरली. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंत. गोळी म्हणजे खाणंच, असं घरात ठरलं. डॉक्टरांना विचारलं नाही, उपाश्रयातल्या साध्वीजींनाही नाही.

चौथ्या दिवशी फाल्गुनीबेन बोलायच्या थांबल्या. शेजारणी म्हणाल्या, मौन धरलंय. सहाव्या दिवशी पाण्याचा पेलाही तसाच राहिला. शेजारणी म्हणाल्या, केवढं वैराग्य! तप करणाऱ्याची खुशाली विचारायला रोज पन्नास माणसं यायची. "शातेत आहात ना?" असं विचारायची, आणि उत्तर मोंघीबा द्यायच्या, "एकदम शातेत." पन्नास माणसांनी विचारलं, पण फाल्गुनीबेनच्या डोळ्यांत एकानेही पाहिलं नाही. मी कप्प्यात तडफडत होते. पण पट्टी ओरडली तरी फार तर चुरचुरते.

आठव्या सकाळी त्या दिवसाच्या उपवासाचा नियम घ्यायला सगळे उपाश्रयात गेले. फाल्गुनीबेननी साध्वीजींपुढे हात जोडले. "महाराजसाहेब, आठवर थांबत नाही. महिनाभराच्या उपवासाचा नियम द्या."

मोंघीबांचा चेहरा उजळला. तप पुरं झाल्यावर निघणाऱ्या मिरवणुकीतल्या बग्गीच्या जागी त्यांना हत्ती दिसू लागला असावा.

साध्वीजींनी विचारलं, "शातेत आहात ना?"

"एकदम..."

"बा, मी हिला विचारलंय." आणि त्या थांबून राहिल्या. फार वेळ.

"मला परत खायचंच नाही," फाल्गुनीबेन पुटपुटल्या. "सकाळी उठायचंही नाही."

साध्वीजींनी औषध चालू होतं का विचारलं. पर्स उघडली आणि मी उजेडात आले.

"हे कुणी बंद करायला सांगितलं?"

"उपवास होता ना," मोंघीबा म्हणाल्या.

"रोज माझ्या तोंडून जो नियम घेता, त्यातच आजाऱ्याला औषधाची मोकळीक आहे. आठ दिवस हात जोडून ऐकलंत बा, एकदा अर्थही विचारायचा होता. आज नियम देत नाही. हिला पारणं करवा, डॉक्टरांकडे न्या, आणि एकटी सोडू नका."

घरी मुगाचं पाणी चमच्याने पाजलं. मग फाल्गुनीबेनच्या यजमानांनी, हरेनभाईंनी, मला हातात घेतलं. "दोन घे. बुडालेले दिवस भरून निघतील."

मित्रांनो, माझा सगळ्यात भयंकर क्षण हाच. इतक्या दिवसांच्या खंडानंतर मी एकदम पूर्ण ताकदीने पोटात गेले, तर अंगावर असं पुरळ उठू शकतं की ते जिवावर बेततं. हे त्या कागदात होतं, पण कागद तर पहिल्या ओळीनंतर मिटलेला. हरेनभाईंचा अंगठा माझ्या पाठीवर रुतला.

"थांब," मोंघीबा म्हणाल्या. "आठ दिवस कुणाला विचारलं नाही. आता विचार."

फोन लागला. ही गोळी देऊच नका, असं डॉक्टर म्हणाले. लगेच घेऊन या, आता सगळ्यात लहान गोळीपासून पुन्हा सुरुवात करावी लागेल, आठवड्या-आठवड्याने वाढवत.

ते आठवडे कसे गेले ते मी सांगत नाही. फाल्गुनीबेन भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असत आणि मोंघीबा उशाशी माळ घेऊन बसलेल्या. माळ पुढे सरकत नसे. बऱ्याच दिवसांनी एकदा फाल्गुनीबेननी चहा मागितला. चहा फार गोड झाला. मोंघीबांनी दोनदा साखर घातली होती.

मी आता मुखवासाच्या डब्याशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी असते. औषध म्हणून माझा काही उपयोग उरलेला नाही. माझ्या हातून घडलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे त्या दिवशी मी फुटले नाही.

तर मित्रांनो, मला आपल्या मनाने थांबवू नका, आणि थांबवलंच असेल तर आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि कुणाला "शातेत आहात ना?" असं विचारलंत, तर उत्तर येईपर्यंत तिथेच बसा.