मिनिटाला अठरा

सहाशे

मोरा बंदराच्या धक्क्यावर एवढी गर्दी मासळीच्या लिलावालाही होत नाही. १९८६ चा डिसेंबर. एप्रिलमध्ये रशियात अणुभट्टी फुटली होती. ती बातमी आमच्यापर्यंत पोचली तेव्हा तिला शिंगं, शेपूट आणि एक महाराजही फुटला होता.

अणुनाथ महाराज. एका हातात मोरपिसांचा कुंचा, दुसऱ्या हातात किरण मोजायची पेटी.

"ये बाय, पुढं ये. यंत्रराज झूट बोलत नाय. परदेशचे किरण हवेतून दर्यात, दर्यातून मासळीत, मासळीतून तुझ्या छातीत!"

समोर जमुना होती, दादू नाखव्याची बायको. दोन महिने खोकत होती. छातीवर कुंचा फिरला, पेटी जवळ आली आणि कढईत मोहरी पडावी तशी तडतडली. मी शाळामास्तर. घड्याळ लावून मोजायला लागलो. दहा सेकंदांत शंभर.

शून्य

महाराजाने तांब्याचा ताईत बांधला, कुंचा खाली ठेवला, पेटी पुन्हा छातीपाशी नेली.

गप्प.

"गेला! एक किरण बाकी नाय. आता तो सरकारी फोटो काढायचा नाय हां. फोटो म्हंजे किरणच. एक थेंब वीख, तरी वीखच."

क्ष-किरणांनी छातीचे फोटो काढणारी सरकारी गाडी शाळेच्या आवारात उभी होती. उद्या दुपारी बारापर्यंत. जमुनाची थुंकी दोनदा तपासून काही सापडलं नव्हतं. फोटोशिवाय रोग कळणार नव्हता, आणि रोग कळल्याशिवाय औषध सुरू होणार नव्हतं.

मी तिला थांबवायला गर्दीत घुसलो, महाराजावर आदळलो, आणि पेटी माझ्यावर तडतडली.

कुंचा तर खाली पडलेला. महाराज स्वतःच दचकला.

"खिशात काय हाय, मास्तर?"

गॅसबत्तीच्या दोन कोऱ्या जाळ्या होत्या, गॅदरिंगसाठी घेतलेल्या. जाळी जवळ धरली, तडतड. लांब नेली, थांबली. मग मी कुंच्याच्या मुठीवरचं कापड सोडलं. आत तशाच चार जाळ्या, घडी घालून.

"या जाळीत थोरियम असतं. त्याचेच हे किरण. आणि गप्प कशी होते? हे बघा, याच्या अंगठ्याखाली आवाजाचं बटण!"

धक्का हसला. कुणी शिट्टी मारली. महाराज पेटी टाकून सुटणाऱ्या लाँचमध्ये चढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी फुगलो. फुगलेल्या माणसाचं पेटीकडे लक्ष नव्हतं. ती चालूच होती.

अठरा

टिक.

टिक. टिक.

"मास्तर," म्हातारी भिमाबाई म्हणाली, "ती अजून बोलते."

"बोलणारच, आजी. दगडात, आभाळात, आपल्या हाडांतसुद्धा थोडे किरण असतातच. मिनिटाला अठरा-वीस ठोके. तो बटण बंद करायचा म्हणून शून्य."

"म्हंजे किरन हाय," दादू म्हणाला.

"आहे, पण थोडा."

"मास्तर, हाय का नाय, येवढाच सांगा."

दादू बोट समुद्रात घालायच्या आधी देवीला कौल लावतो. पाकळी उजवीकडे पडली तर हो, डावीकडे तर नाही. थोडीशी उजवीकडे असा कौल देवी कधी देत नाही. लोकांनी पेटीलाही कौलच लावला होता, आणि मी टाळ्या घेत असताना ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर वैजयंतीबाईंना बोलावलं. बाई खरं बोलणाऱ्या.

"धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही, दादू. पण या फोटोत जेवढे किरण, तेवढे काही महिन्यांत असेही मिळतात. त्यानं नुकसान झालं तर लाखात एखाद्याला. आणि हा क्षय असला, औषध मिळालं नाही, तर दोघांतला एक जातो. आता तूच तोल."

"बघा," भिमाबाई म्हणाली, "डाक्टरीनबाय पन बोलली, धोका हाय."

जमुना ताईत चाचपत होती. "त्यो तरी बोलला व्हता, काय बी ऱ्हायला नाय."

"अगं, तो लबाड होता!"

"व्हता. पन मना बरा वाटला."

मोजले नाहीत

दुसऱ्या दिवशी गाडी बाराला गेली, जमुनाचा फोटो न काढताच. मार्चमध्ये जमुनाच्या खोकल्यातून रक्त आलं तेव्हा पनवेलला फोटो काढला. वैजयंतीबाईंनी तो खिडकीशी धरला. दोन्ही फुप्फुसं पोखरलेली.

"यात किती किरन गेला?" जमुनाने विचारलं.

बाईंनी सांगितलं.

"येवढाच?"

औषध सुरू झालं. उशीर झाला होता. पावसाळ्याआधी ती गेली.

वाचकहो, बाबा पकडणं सोपं आहे. खिशात जाळी असली की पुरते. पण धोका साफ शून्य करून देतो म्हणणारा बाबा गेला, तरी ते शून्य मागणारे आपण उरतोच. म्हणून धोका आहे की नाही, हे विचारू नका. किती आहे, ते विचारा. घेतला तर काय मिळेल, नाकारला तर काय जाईल, हे विचारा. उत्तर अर्धंमुर्धं असेल, सांगणारा चाचरत सांगेल. तरी ऐका.

मी हे मोऱ्याला दर वर्षी सांगतो. ऐकून घेतात. फोटोची गाडी आली की दारं लावतात.