जेवणाच्या सुट्टीत मोजलेला आवाज

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. बॅटरीचं झाकण केव्हाच हरवलं, तिथे आता चिकटपट्टी आहे. त्याचं मला काही वाटत नाही. ऐकायचं आणि ठेवायचं, एवढंच माझं काम.

माझ्या मालकीणबाई इंजिनिअर होत्या तेव्हा त्यांनी मला विकत घेतलं. पंपाजवळ धरून म्हणायच्या, "बघा, बेअरिंग गेलंय." पंप उघडला की खरंच गेलेलं असायचं. तेव्हा माझं काय कौतुक होतं!

पुढे बाई पर्यावरणाच्या सल्लागार झाल्या. पत्रे ठोकणाऱ्या एका कारखान्याचा आवाज शेजारच्या घरांना सोसवतो का, ते बघायचं होतं. रीत अशी, की आधी मशिनं बंद असताना आवाज मोजायचा, मग चालू असताना. जेवणाच्या सुट्टीत पहिली मोजणी झाली. इतक्यात मॅनेजर आले. "आधी दोन घास खाऊन घ्या हो, मशिनं कुठे पळून जातायत?" जेवण लांबलं. बाई "उद्या येऊ" म्हणाल्या आणि तो उद्या काही उजाडला नाही. अहवालात सुट्टीतलाच आकडा गेला, खाली बाईंची सही. माझ्या टेपवर नुसती शांतता होती. मला काही वाटलं नाही. बाईंनाही बहुतेक नाही.

सहा वर्षांनी बाई वार्ताहर म्हणून त्याच गल्लीत गेल्या. कारखान्याच्या भिंतीला लागून एका शिंपीकाकांचं दुकान होतं.

"मोठ्यानं बोला ताई, दोन्ही कान गेलेत."

"तुम्ही तक्रार नाही केलीत?" बाई ओरडून म्हणाल्या.

"केली की! पण कुणा इंजिनिअरबाईंनी आवाज नाही म्हणून लिहून दिलं होतं. सगळे मलाच हसले."

बाईंचं मला बंद करायचंही राहून गेलं. कॅसेट संपेपर्यंत मी शिलाई मशीनची टकटक घेत राहिलो.

बाईंनी बातमी लिहिली, स्वतःच्या नावासकट आणि त्या लांबलेल्या जेवणासकट. संपादक म्हणाले, "अहो, आपल्याच पायावर धोंडा कशाला मारून घेताय?" तरी ती छापून आली. कारखान्याला आवाज अडवणारी भिंत बांधावी लागली. बाईंची नोकरी गेली. काकांनी बातमी वाचून एवढंच विचारलं, "जेवण तरी बरं होतं का?"

मग दोन वर्षं मी कपाटात, इस्त्रीच्या मागे पडून होतो.

आता बाई गाणं शिकवतात. परवा मला घेऊन काकांकडे गेल्या. काकांना आता ओरडलेलंही ऐकू येत नाही, म्हणून "माझं गाणं आणलंय," असं कागदावर लिहून दाखवलं. काकांनी माझ्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि मान डोलवू लागले.

"वा ताई! सुरेख गाता."

बाईंनी अजून बटण दाबलंच नव्हतं.

मला पुसत जा, बॅटऱ्या काढून ठेवा, असं मी सांगणार नाही. एकच मागतो, मित्रांनो. कुणाचा त्रास मोजायला गेलात, तर मशिनं सुरू होईपर्यंत थांबा.